कोट उलटा घाल, टारपी

दार नीट लाव, रोनन. वारा आत आला की शेगडी धुमसते. आणि ईफा, तो फोन उपडा ठेव. भुताची गोष्ट तुम्हीच मागितलीत, आता अर्ध्यात उठायचं नाही. मुंडकं काखेत मारून फिरणारा घोडेस्वार आणि नदीकाठी केस विंचरत रडणारी बाई माझ्याकडे मिळणार नाही. ती पर्यटकांसाठी ठेवली आहेत. ही जार्लथ टारपीची गोष्ट आहे. कौन्सिलात जमिनी मोजतो तो आपला जार्लथ. याच टेबलाशी बसून त्यानं मला ती सांगितली. समोर चहा होता, त्याला हात लावला नाही. टारपीच्या घराण्यातला माणूस चहा निवू देतो तेव्हा तो थापा मारत नसतो.

गेल्या वर्षीची एकतीस जानेवारी. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी संत ब्रिजिटचा सण, म्हणून घरोघरी लव्हाळ्याचे क्रॉस विणणं चाललं होतं. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, आभाळात नावालाही उजेड नव्हता. जार्लथचं काम अगदी साधं. होमच्या मागच्या शेताच्या चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकायच्या, त्यांना नारिंगी फीत बांधायची, आणि घरी जेवायला जायचं. सोमवारी सणाची सुट्टी, मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये गावाची सभा, आणि बुधवारी सकाळी यंत्र येऊन खडी अंथरणार. त्यावर डांबर. गाड्या लावायला जागा हवी होती ना लोकांना. रविवारी देवाच्या दारात गाड्यांची फार दाटी होते.

'होम' म्हणायचे त्याला. घर. नाव ठेवावं तर या लोकांनी. लग्नाआधी दिवस गेलेली पोर घरचे तिथं नेऊन टाकायचे, फादर दार उघडून द्यायचे, सरकार खर्चाला पैसे पुरवायचं, मठातल्या बाया त्या पोरींकडून आख्ख्या गावाची धुणी धुऊन घ्यायच्या, आणि गाव पांढऱ्याशुभ्र चादरीवर गाढ झोपायचं. सगळे एकाच माळेचे मणी. आता फादर सरकारकडे बोट दाखवतात, सरकार मठाकडे, मठ म्हणतो त्या सिस्टर कधीच वारल्या. चादरींचं मात्र कुणीच बोलत नाही. होम पाडलं, दगड विकले, शेत तेवढं राहिलं. त्या शेतात काय आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेताच्या फाटकाशी अट्रॅक्टा गेरटी बसलेली. रोजच बसायची. घडीची खुर्ची, मांडीवर गोधडी, डोक्यावर छत्री. तुम्ही तिला पाहिलंय, शाळेत जाताना तिला वेडी म्हणून हसलाही असाल. नाही म्हणू नकोस रोनन, मी ऐकलंय.

सोळाव्या वर्षी तिला होममध्ये घातलं. तिथं तिला अट्रॅक्टा कुणी म्हणत नसे. आकडा होता तिला, एक्केचाळीस. धुण्याची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक मुलीनं आपल्या कपड्यावर लाल दोऱ्यानं आपला आकडा भरायचा, आणि पोटातल्या पोरासाठी जे झबलं शिवायचं त्यावरही तोच. अट्रॅक्टा डावखुरी. फुलीचा टाका घातला की तिची फुली सगळ्यांच्या उलट्या अंगाला कलायची. सिस्टरनं त्यासाठी तिच्या बोटांवर लाकडी पट्टी मोडली. फुली काही सरळ झाली नाही. मुलगा झाला. फेलिम. तिनं ठेवलेलं नाव. दुसऱ्या दिवशी त्याला पाळण्यातून उचलून नेलं. सांगितलं, बाप्तिस्मा झाला, अमेरिकेत चांगल्या घरी गेला, आता रडणं बंद कर, इस्त्रीला ये.

तेव्हापासून अट्रॅक्टाच्या दारावरचा दिवा रात्रभर जळायचा. अमेरिकेहून येणाऱ्याला अंधारात घर सापडायला हवं ना. पण मनातून ती ना धड वाट बघू शकत होती, ना धड सुतक पाळू शकत होती. मला एकदा म्हणाली, "डीलिया, मेला असेल तर मला रडू तरी द्या. जिवंत असेल तर मी उगाच का रडू? हे दोन्ही हातांनी एकच दोरी दोन बाजूंना ओढण्यासारखं झालंय." तिला तेवढंच हवं होतं. तो कुठे आहे. आणि डांबर पडल्यावर ते कुणीच सांगणार नव्हतं.

जार्लथ खुंट्यांची पिशवी खांद्याला लावून आला.

"कुठं निघालास रे टारपी?"

"खुंट्या ठोकायला. इतक्यात येतो परत. तुम्ही घरी जा अट्रॅक्टा, गारठाल."

"कोट उलटा घाल."

"काय?"

"कोट. अस्तर बाहेर. तुझ्या आजीनं शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. त्याच्या आजीनं, माझ्याही आजीनं. तुमच्या आयांनी तुम्हाला काही शिकवलं नाही, म्हणून सांगते. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या पोराला चर्चच्या मातीत जागा नसे. ना स्वर्ग, ना नरक, मधेच अधांतरी. बाप रात्री पेटी काखेत मारायचा आणि कुठल्यातरी बांधावर पुरून यायचा. वर गवत यायचं. त्या ढेकळावर चुकून पाय पडला की माणसाला चकवा लागतो. आपल्याच शेतात, आपल्याच घराच्या दिव्यासमोर रात्रभर गोल फिरतो. उतारा एकच. अंगातला कोट काढून उलटा घालायचा. म्हणजे खाली जो आहे त्याला कळतं, की याला ठाऊक आहे मी इथं आहे.

जार्लथ हसला. "अट्रॅक्टा, मी इंजिनियरच्या हाताखाली काम करतो. चकव्याला आमच्या नकाशात रकाना नाही."

"नसूदे. तू म्हणतोस तिथं कुणी नाही. कौन्सिल म्हणतं कुणी नाही. बिशप म्हणतो कुणी नाही. मग जा की असाच. कुणी नसेल तर चकवा लागेल कशाला?"

"तेच म्हणतो मी."

"आणि लागला तर?"

"लागला तर येऊन सांगेन तुम्हाला."

"शब्द?"

"शब्द."

हे ध्यानात ठेवा. शब्द दिला होता त्यानं.

शेत काही फार मोठं नाही. चहूकडे माणसाच्या खांद्याएवढी उंच दगडी भिंत, एका बाजूला फाटक. पलीकडे नवी वसाहत. त्या घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या सरळ शेतावर उघडतात, आणि त्यातली एक खिडकी जार्लथच्या स्वतःच्या घराची. पहिली खुंटी ठोकली. दुसरी. तिसरी. गवत भिजलेलं, कुठं कुठं पाय जरा जास्तच खाली जायचा, एवढंच. चौथी ठोकून फीत बांधली, हात झटकले, आणि वळला.

फाटक दिसेना.

अंधार आहे, म्हणाला. फोनचा दिवा लावला. भिंत होती. भिंतीला हात लावून चालू लागला. भिंतीला धरून चाललं की फाटक यायलाच हवं, यात काय शहाणपण लागतं? कोपरा आला. पुढचा कोपरा आला. नारिंगी फीत, त्यानंच बांधलेली. मग तिसरा. मग चौथा. फाटक नाही. मग आणखी एक कोपरा.

चार भिंतींच्या शेताला कोपरे किती असतात, ईफा?

तो चालतच राहिला. कोपरे संपेनात. फोन विझला. तो विझायला नको होता, दुपारीच भरला होता.

मग त्यानं खिडक्यांकडे बघितलं. त्या होत्या. पिवळ्या, ऊबदार. एका घरात पोरगा अभ्यास करत होता. एका घरात टीव्ही. स्वतःच्या खिडकीत त्याची बायको ऑर्ला, कप विसळत उभी. इतकी जवळ, की कपावरची निळी रेघ दिसत होती.

"ऑर्ला," त्यानं हाक मारली.

ऑर्लानं मान वर केली. सरळ त्याच्याकडे बघितलं.

आणि पडदा ओढला.

तो ओरडला. सगळ्या ताकदीनं. शेजारच्या घरात म्हातारा मॅकनल्टी उठून खिडकीशी आला. थांबला. कान दिल्यासारखं केलं. पडदा ओढला. मग पुढची खिडकी. मग त्याच्या पुढची. एकेक माणूस यायचं, बाहेर बघायचं, पडदा ओढायचं. कुणी घाईनं नाही. कुणी रागानं नाही. जेवण झाल्यावर दिवा मालवावा तसं.

... तुम्हाला सांगू, जार्लथनं हे मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण नवल वाटलं नाही. त्या शेतातून ओरडलेलं या गावाला कधी ऐकू आलंय?

शेवटची खिडकी मिटली. काळोख.

वारा पडला.

वास आला. उकळत्या धुण्याच्या सोड्याचा. ओल्या चादरींचा. खळीचा. होमची धुलाई बंद होऊन जार्लथच्या आख्ख्या जन्माहून जास्त काळ लोटलाय, त्यानं तो वास कधी घेतलेलाच नाही. तरी ओळखला.

पायाखालची माती मऊ झाली.

तो थांबला.

आणि मागून... कोटाचं टोक कुणीतरी धरलं.

ओढलं नाही. झटका नाही. नुसतं धरलं. बाजारात पोर आईच्या झग्याचं टोक धरतं ना... हरवू नये म्हणून... तसं.

मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

तो हलला. टोक धरलेलंच. तो थांबला. धरलेलंच.

...

तेव्हा त्याला आजी आठवली. फाटकावरची बाई आठवली. पण कोट उलटा करणं म्हणजे काय, तेही त्याला उमगलं. कोट उलटा केला की कबूल केलं. खाली कुणीतरी आहे, हे स्वतःच्या हातानं कबूल केलं. उभा राहिला तो तसाच, बराच वेळ. सरकारी माणूस. भीतीनं मरेल, पण कबूल करायचं म्हटलं की विचार करेल.

शेवटी बटणं सोडली. बाह्यांतून हात काढले. अस्तर बाहेर घेतलं. घातला.

फाटक समोर. हात लांब केला तर लागेल एवढं.

फाटकाच्या उंबऱ्याशी येईपर्यंत कोटाचं टोक धरलेलंच होतं, तिथं सुटलं.

अट्रॅक्टा अजून तिथंच होती. छत्रीखाली. तिनं त्याच्या अंगातला उलटा कोट बघितला, पांढरं पडलेलं तोंड बघितलं, आणि उठून उभी राहिली. वाट बघत राहिली. साठ वर्षं बघितली, आणखी घटकाभर.

आणि जार्लथ टारपीनं मान खाली घातली, आणि तिच्या बाजूनं निघून गेला.

काय बघतोस रोनन? तू वेगळं केलं असतंस? बरं. लक्षात ठेवीन.

घरी ऑर्ला म्हणाली, "कुठं होतास? मी दोनदा बघितलं, शेतात चिटपाखरू नव्हतं. आणि कोट असा काय घातलायस, पिऊन आलास का?" त्यानं कोट सरळ करून खुंटीला लावला, आणि रातोरात अहवाल लिहून टाकला. सर्व जमीन चालून पाहिली, काही आढळले नाही. घाबरलेल्या माणसाचं अक्षर किती सुबक येतं बघा. त्यावर शिक्काही उमटला.

मंगळवारी सभा. हॉल खचाखच. आणि गार. दानपेटी भरते, पण हीटर पेटत नाही.

"फादर, मढं ठेवायचंय का इथं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यांना सवय आहे ठेवायची," दुसरा म्हणाला. "सांगायची नाही तेवढी."

पुढं टेबलाशी फादर, कौन्सिलर गिलमार्टिन, आणि कडेला कोट अंगात घट्ट ओढून आपला जार्लथ. गिलमार्टिन उठला. हा माणूस दोन वाक्यांत तीनदा खेद व्यक्त करतो. आमच्याकडे खेदाचा तुटवडा कधीच नव्हता. टीव्हीवरून खेद, संसदेतून खेद, वेदीवरून खेद. कुदळ मागा, मग बघा कसे गप्प होतात.

"मी तुमच्या भावना समजू शकतो," गिलमार्टिन म्हणाला.

"समजू नकोस," मी म्हणाले. "खण."

हॉल हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. फादर म्हणाले, त्या काळच्या सिस्टरांनी आपल्या परीनं सेवा केली, आज त्या उत्तर द्यायला नाहीत. मॅकनल्टीची सून उभी राहिली. म्हणाली, "उत्तर द्यायला पोरंही नाहीत, फादर. तुमच्या त्या सिस्टर निदान दगडाखाली झोपल्यात, नाव कोरून." मग सगळेच बोलू लागले. खुर्च्या सरकल्या. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, नासलेलं, सगळं वर येत होतं. गिलमार्टिननं जार्लथचा अहवाल वाचायला घेतला. काही आढळले नाही, इथवर आला, आणि अट्रॅक्टा उठली.



"टारपी," ती म्हणाली, "शुक्रवारी रात्री तुझा कोट उलटा का होता?"

जार्लथ टेबलाकडे बघत राहिला. "पाऊस होता," म्हणाला. "कोट खराब होऊ नये म्हणून."

"शब्द दिला होतास तू मला."

"काही नाही तिथं, अट्रॅक्टा. मी सगळं चाललो."

"मग कोट काढ आणि तोंडावर सांग. चर्चमध्ये टोपी काढतोस ना खोटं बोलण्याआधी."

"हे काय चाललंय," गिलमार्टिन म्हणाला.

"काढ कोट," कुणीतरी म्हणालं. मग दुसऱ्यानं. मग आख्खा हॉल, हळू, पाय आपटत. काढ. काढ. काढ.

त्यानं काढला. कोट हातातून सटकून टेबलावर पडला, अस्तर वर. अट्रॅक्टा काठी टेकत पुढं गेली. कॉलरच्या खाली, अस्तरावर, बोटभर जागेत लाल दोरा. फुल्याफुल्यांचा.

एक्केचाळीस.

कोट नाताळात गॉलवेच्या दुकानातून नवा घेतलेला. ऑर्लानंच घेतला होता. ती खुर्चीवरून उठली, जवळ आली, बघितलं, आणि म्हणाली, "हे नव्हतं." एवढंच.

"कुणीही भरलं असेल," फादर म्हणाले.

अट्रॅक्टानं फुल्यांवरून बोट फिरवलं. तेच, पट्टी खाल्लेलं बोट. "ही फुली उलटी कलते," म्हणाली. "यासाठी माझी बोटं फोडली होती. एक्केचाळीसचा आकडा मी दोनच ठिकाणी भरला. एक माझ्या झग्यावर. तो मी चुलीत घातला. आणि एक त्याच्या झबल्यावर."



मग जार्लथ बोलला. मान वर करून, पहिल्यांदा. "लागला," म्हणाला. "चकवा लागला, अट्रॅक्टा. माझा कोट धरला होता त्यानं. फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंत?"

"हो."

"पुढं नाही आला?"

"नाही."

ती मान डोलावत राहिली. "म्हणजे अमेरिकेला गेला नाही," म्हणाली.

त्या रात्री तिच्या दारावरचा दिवा लागला नाही. मी माझ्या खिडकीतून बघत होते. वसाहतीतले सगळेच बघत होते, आणि त्या रात्री कुणी पडदा ओढला नाही.

बुधवारी सकाळी यंत्र आलं. फाटकावर आम्ही उभे. म्हातारे, पोरं, दुधवाला, मॅकनल्टीची सून, ऑर्ला. सगळ्यांचे कोट उलटे. अस्तरं पावसात भिजत होती, लाल, चौकटीची, फाटकी, कुणाच्या खिशाचं भोक दिसत होतं. यंत्रावरचा पोरगा मेयो परगण्याचा. त्यानं आमच्याकडे बघितलं, यंत्र बंद केलं, खाली उतरला, स्वतःचं जाकीट काढलं, उलटं घातलं, आणि सिगारेट पेटवत उभा राहिला. गिलमार्टिनचे फोनवर फोन. त्यानं एकही उचलला नाही.

डांबर पडलं नाही. पण खणलंही नाही अजून. समिती बसली. या देशात समिती एकदा बसली की उठत नाही. मठ म्हणतो जमीन आमची नाही, कौन्सिल म्हणतं परवानगी वरून यायची, वरचे म्हणतात अतिशय नाजूक विषय आहे. नाजूक. दोन दिवसांचं पोर मातीत दाबताना नाजूक नव्हता.

नोव्हेंबरात अट्रॅक्टा गेली. आपल्या कबरीत शेजारी टीचभर जागा मोकळी सोडायला सांगून गेली. सोडली आहे. मी रोज जाऊन बघते, कुणी दगड तर ठेवला नाही ना.

कोट माझ्याकडे आहे. जार्लथला तो घरात नको होता, आणि जाळायला मी देणार नव्हते. तो काय, दाराच्या मागे. बस, ईफा. तो काही करत नाही.

काल रात्री मी तो खाली काढला. झटकून, सकाळी उन्हात घालावा म्हणून अस्तर वर केलं. एक्केचाळीस तसाच होता, एक टाकासुद्धा उसवला नव्हता.

त्याच्या खाली, बोटभर अंतरावर, लाल दोऱ्याची एक फुली होती. आणि दुसरीचा एकच पाय, अर्धवट. सुईतून नुकतंच सुटावं तसं दोऱ्याचं टोक लोंबत होतं, ओलं.

ही फुली सगळ्यांसारखी कलते. अट्रॅक्टाची नाही, दुसऱ्या कुणाचीतरी.

आकडा अजून व्हायचाय.